दोन लंडन आणि मधला ड्रमर

कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातही लंडन नावाचं एक शहर आहे. २६ मार्च १९७६ रोजी 'जेनेसिस' या इंग्लिश बँडचा तिथे कार्यक्रम झाला आणि तोवर ड्रमसेटमागे बसणारा पंचविशीतला फिल कॉलिन्स पहिल्यांदाच मुख्य गायक म्हणून पुढे उभा राहिला. बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला तो इंग्लंडमधल्या लंडनला, ओटू अरीनात, २६ मार्च २०२२ रोजी. तारीख तीच, मध्ये ४६ वर्षं उलटलेली. त्या रात्री कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. ड्रमवर होता त्याचा मुलगा निक.

'ड्रमर होता, पुढे गायक झाला' असं त्याच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. १९५१ साली लंडनच्या पटनी भागात जन्मलेल्या या मुलाला पाचव्या वर्षीच खेळण्यातले ड्रम मिळाले हे खरं, पण १९६४ मध्ये तो 'ऑलिव्हर!' या संगीतिकेत पाकीटमार पोराची भूमिका करत वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या नाटकवस्तीतल्या, रंगमंचावर रोज गातही होता. आवाज फुटला आणि ती भूमिका सुटली. म्हणजे गळा आधीच तयार होता. मधली काही वर्षं तो झांजांच्या मागे दडून राहिला, एवढंच.

जेनेसिसमध्ये तो आला १९७० साली. ड्रमरची निवड गायक पीटर गेब्रिएलच्या आईवडिलांच्या सरे परगण्यातल्या घरी चालली होती. कॉलिन्स वेळेआधी पोचला, तेव्हा त्याला सांगितलं, तोवर घरच्या पोहण्याच्या तलावात पोहून घे. हा पाण्यात डुंबत राहिला आणि आतून ऐकू येणारं इतरांचं वादन कानात साठवत गेला. त्याची पाळी येईपर्यंत सगळे तुकडे जवळपास पाठ झाले होते.

पुढची पाच वर्षं गेब्रिएल चित्रविचित्र मुखवटे घालून पुढे गायचा आणि कॉलिन्स मागून ठेका धरता धरता साथीचे सूर लावायचा. एखाददुसरं गाणं त्याच्या एकट्याच्या वाट्यालाही यायचं. १९७५ मध्ये गेब्रिएलने बँड सोडला आणि नव्या गायकाचा शोध सुरू झाला. कितीतरी जण येऊन गेले, कोणी पसंत पडेना. आलेल्यांना गाणी शिकवायचं काम कॉलिन्सकडे होतं. शिकवणाराच जास्त बरा गातोय हे शेवटी सगळ्यांच्या लक्षात आलं. सगळ्यात उशिरा बहुधा त्याच्या स्वतःच्या. त्याला ड्रम सोडायचेच नव्हते. त्याच्या आवाजातला 'अ ट्रिक ऑफ द टेल' १९७६ मध्ये आला आणि आधीच्या अल्बमांपेक्षा जास्त खपला, तेव्हा वाद मिटला. दौऱ्यावर वाजवायला आधी बिल ब्रुफर्ड आणि पुढच्या वर्षीपासून चेस्टर थॉम्पसन आला. तरी गाण्यात निव्वळ वाद्यांचा भाग सुरू झाला की कॉलिन्स माइक सोडून मागे पळायचा आणि दोघे मिळून वाजवायचे.

गंमत अशी, की गायक म्हणून त्याचं नाव जगभर झालं ते ड्रमच्या एका आवाजामुळे. १९७९ मध्ये गेब्रिएलच्या तिसऱ्या एकल अल्बमसाठी तो लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत वाजवत होता. गेब्रिएलची अट होती, झांजा अजिबात नकोत. ध्वनिमुद्रक होता ह्यू पॅजम. वादकांचं बोलणं काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून स्टुडिओत एक वेगळा माइक टांगलेला असे. बारीक कुजबुजही कळावी यासाठी त्याचा आवाज कॉम्प्रेसरने, म्हणजे मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर उचलणाऱ्या यंत्राने, जबर दाबलेला असायचा. तो माइक चालू असताना कॉलिन्सने ड्रमवर काठ्या मारल्या आणि पलीकडे भलताच अजस्र आवाज आला. त्यावर नॉइज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्र लावलं, त्यामुळे खोलीतली आस हळूहळू विरून न जाता एकदम कापली जायची. धाडकन दार आपटावं आणि मागे प्रतिध्वनीही उरू नये, तसा तो आवाज. ऐंशीच्या दशकात मग प्रत्येकाला तोच हवा झाला. इतका, की पुढे त्याचा वीट यावा.

कॉलिन्सने तो वापरला आपल्या पहिल्या एकल अल्बमात, १९८१ च्या 'फेस व्हॅल्यू'मध्ये. पहिला संसार मोडला होता, घरी एकट्याने तो गाणी बांधत होता. 'इन द एअर टुनाइट'मध्ये सुरुवातीला रोलंड कंपनीच्या ठेका-यंत्राची टिकटिक, लांबवलेले स्वर आणि दबलेला गळा, एवढंच आहे. शब्दही बरेचसे तिथल्या तिथे सुचलेले. साडेतीन मिनिटं ड्रमर गप्प. मग टॉम्सवर, ड्रमसेटमधल्या घुमणाऱ्या ड्रमांवर, तो प्रसिद्ध तुकडा कोसळतो आणि गाणं उलथंपालथं होतं. अटलांटिक रेकॉर्ड्स या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या अहमेत एर्टेगनला एवढा वेळ ड्रम नसणं पटेना, म्हणून रेडिओवर वाजणाऱ्या सिंगलमध्ये सुरुवातीपासून जास्तीचे ड्रम घातले गेले. मला विचाराल तर अल्बममधलंच ऐकावं. वाट पाहायला लावण्यातच त्या गाण्याचा जीव आहे, आणि इतका वेळ न वाजवता थांबणं एखाद्या ड्रमरलाच सुचू जाणे.

नंतरचं बहुतेकांना ठाऊक आहे. १९८५ चा 'नो जॅकेट रिक्वायर्ड' वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून ग्रॅमी घेऊन गेला. त्याच वर्षी १३ जुलैला 'लाइव्ह एड' या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात तो आधी लंडनच्या वेम्ब्लीत गायला, काँकॉर्ड या स्वनातीत विमानाने अटलांटिक ओलांडली आणि फिलाडेल्फियात पुन्हा रंगमंचावर चढला. तिथे 'लेड झेपेलिन' या रॉक बँडच्या मागे वाजवायला बसला ते मात्र साफ फसलं. 'टार्झन'मधल्या गाण्याला ऑस्कर मिळालं. रेडिओवर इतका वाजला की समीक्षक त्याला नाकं मुरडू लागले. त्यात निम्मी असूया होती आणि निम्मा खरा कंटाळा.

शरीराने आधी वादकालाच गाठलं. २००० मध्ये डाव्या कानाचं ऐकणं अचानक मंदावलं. २००७ च्या जेनेसिस दौऱ्यादरम्यान मानेचे मणके सरकल्याचं लक्षात आलं, शस्त्रक्रिया झाली, पण हातांतली पकड गेली. २०१० च्या 'गोइंग बॅक' या मोटाउन नावाच्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या गाण्यांच्या अल्बमसाठी त्याने ड्रमच्या काठ्या हाताला चिकटपट्टीने बांधून वाजवलं. २०११ मध्ये निवृत्ती जाहीर केली.

ती टिकली नाही. २०१७ मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. 'इन द एअर टुनाइट' सुरू व्हायचं तेव्हा बाप खुर्चीत, प्रेक्षकांकडे तोंड करून गात असायचा. साडेतीन मिनिटांनंतरचा तो तुकडा त्याच्या पाठीमागून यायचा. वाजवणारा निक तेव्हा सोळा वर्षांचा होता.