‘पर्सी जॅक्सन’ मालिकेवरच्या टीकेचं मूळ

डिस्नी प्लसवर १९ डिसेंबर २०२३ रोजी ‘पर्सी जॅक्सन अँड द ऑलिम्पियन्स’चे पहिले दोन भाग आले. समीक्षकांनी बालकलाकारांच्या निवडीचं कौतुक केलं आणि त्याच दमात तक्रारही केली: पात्रं प्रसंग घडू देण्याऐवजी बोलून सांगतात, धोका जाणवतच नाही. ही दोन्ही मतं एकाच मुळातून फुटलेली आहेत. ते मूळ म्हणजे त्याच कथेवरचा २०१० चा चित्रपट.

रिक रायर्डन यांच्या मूळ पुस्तकमालेतली पहिली कादंबरी २००५ ची. नायक पर्सी हा ग्रीक देवाचा मुलगा, बारा वर्षांचा, डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष एकाग्र न होणं) असलेला. त्याचं वय इथे शोभेपुरतं नाही. पाचही पुस्तकं एका भविष्यवाणीवर उभी आहेत आणि ती पर्सी सोळाचा होण्याशी बांधलेली आहे. ख्रिस कोलंबस यांच्या चित्रपटात तो सुरुवातीलाच हायस्कूलमधला. भविष्यवाणी गाळली, युद्धदेव एरीस गाळला, मागून सूत्रं हलवणारा टायटन क्रोनोसही गाळला. मग २०१३ च्या दुसऱ्या चित्रपटात भविष्यवाणी परत आणावी लागली, तीही वय सोळाचं वीस करून! तिसरा चित्रपट निघालाच नाही. वय वाढवलंत तर पुढच्या चित्रपटांची वाट बंद होईल, असं रायर्डन यांनी निर्मात्यांना आधीच कळवलं होतं. ते ईमेल त्यांनी २०१८ मध्ये जाहीर केले.

म्हणून मालिकेच्या वेळी ते टीव्ही लेखक-निर्माते जोनाथन स्टाइनबर्ग यांच्यासोबत स्वतः लेखनात उतरले. पर्सीच्या भूमिकेसाठी निवड झाली तेव्हा वॉकर स्कोबेल तेरा वर्षांचा होता. पर्सीची सोबतीण ॲनाबेथ पुस्तकात सोनेरी केसांची गोरी मुलगी. लिया जेफ्रीज या कृष्णवर्णीय मुलीची निवड झाल्यावर तिच्यावर वंशद्वेषी टीका झाली. रायर्डन यांनी मे २०२२ मध्ये त्या टीकाकारांना लेखी आणि खरमरीत उत्तर दिलं.

आता तक्रारीकडे. चित्रपटाची चूक टाळायला पुस्तकाजवळ राहायचं, तर एक अडचण येते: पुस्तकात गोष्ट पर्सीच सांगतो. भुकेली मुलं बर्गरच्या वासाने मेड्यूसाच्या, म्हणजे नजरेने माणसाचा दगड करणाऱ्या राक्षसिणीच्या, दुकानात शिरतात. वाचकाला संशय येतो, पर्सीला येत नाही, आणि सगळी गंमत त्या फटीत आहे. मालिकेत मुलं तिला दारातच ओळखतात. पुराणकथा जाणणारी मुलं इतकी भोळी कशी असतील, हा तर्क बरोबरच. पण फट बुजली की ताण संपतो, आणि पर्सीच्या डोक्यात चालणारं सगळं संवादांत ओतावं लागतं. मेड्यूसाचा प्रसंग तरी तरतो, कारण तिला स्वतःची बाजू मांडता येते. गिऱ्हाइकांना पलंगावर अडकवणाऱ्या क्रस्टीचा प्रसंग तरत नाही: पर्सी त्याला चटकन ओळखतो, तितक्याच चटकन अडकवतो, पुढचं दृश्य. वेळेचं भान हरपवणाऱ्या लोटस कॅसिनोत मात्र धाडसी बदल आहे. पुस्तकात मोहिमेच्या मुदतीला एक दिवस उरतो, मालिकेत मुदतच उलटून जाते.

मार्च २०२५ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांसाठीच्या चिल्ड्रन्स अँड फॅमिली एमी सोहळ्यात मालिकेला आठ पुरस्कार मिळाले, त्यामुळे टीका थोडी मागे पडली. दरम्यान, २०२३ च्या लेखकांच्या संपामुळे दुसऱ्या पर्वाचं लेखन रखडलं होतं. ते पर्व १० डिसेंबर २०२५ ला आलं, तेव्हा कथेतला पर्सी तेराचा आणि स्कोबेल सोळा पूर्ण. तिसऱ्या पर्वाला मंजुरी मात्र दुसरं पडद्यावर येण्याच्या नऊ महिने आधीच मिळाली होती.