दूरच्या दीर्घिकेतले तारे: तरुण की म्हातारे?

परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भिंती, रस्ते, माणसं सगळेच अवरक्त प्रकाश फेकत असतात, सर्वाधिक साधारण ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीला. थंडीतही त्यात फारसा फरक पडत नाही. दुर्बीण आणि तिच्यावरची हवाही तशीच उजळलेली. शिवाय हवेतली वाफ अवरक्ताचे मोठे पट्टे गिळते. म्हणून दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांचा, मंद अवरक्त प्रकाश टिपायला मराठवाड्याचं निरभ्र आकाश उपयोगाचं नाही. ६.५ मीटर आरशाची जेम्स वेब दुर्बीण १५ लाख किलोमीटर दूर, सूर्यापासून आडोशाला ठेवली आहे. तिचं लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टिपणारं मिरी हे उपकरण तर ७ केल्विनच्या खाली थंड करावं लागतं.

ताम्रसृती, म्हणजे प्रकाश किती ताणला गेला याचं माप, ८ असलेली दीर्घिका घ्या. तिचा प्रकाश निघाला महास्फोटानंतर सुमारे ६५ कोटी वर्षांनी, आणि विश्वाच्या प्रसरणाने तो इथवर येताना नऊपट (ताम्रसृती अधिक एक) ताणला गेला. ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा ४.५ मायक्रॉनला, म्हणजे अवरक्तात सापडते.

वय कळतं ते ३६४.६ नॅनोमीटरच्या बामर पायरीवरून. जड निळे तारे लवकर संपतात. उरलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटात या जागेच्या निळ्या बाजूला प्रकाश एकदम घटतो. पायरी जितकी ठळक, तितके तारे जुने. म्हणजे त्यांचा जन्मही तितका मागे जातो.

मेख इथेच आहे. कोवळे तारे भोवतीचा वायू तापवतात आणि ऑक्सिजनची तीच रेषा प्रखर होते. वेबच्या आधीच्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या ४.५ मायक्रॉनच्या रुंद फिल्टरमध्ये ती पडली की ती पट्टी उजळते, निळ्या बाजूची पट्टी त्या मानाने मंद वाटते आणि पायरी असल्याचा भास होतो. कोवळी दीर्घिका म्हातारी ठरते! नुसत्या छायाचित्रांवरून काढलेलं वय जपूनच घ्यावं. सीअर्स-९३३१६ या दीर्घिकेची तर ताम्रसृतीच छायाचित्रांवरून १६च्या आसपास वाटली होती. वर्णपट घेतला तेव्हा ती ४.९ निघाली. धूळ आणि वायूच्या रेषा यांनी मिळून फसवलं होतं.

वेबचा निरस्पेक वर्णपटमापक सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपांमधून हव्या त्याच दीर्घिकांचा प्रकाश आत घेतो. रेषा आणि पायरी मग वेगळ्या दिसतात. तरीही कोवळ्या ताऱ्यांच्या झगमगाटात जुने तारे दडतात आणि दीर्घिकेचं वस्तुमान कमी मोजलं जातं. त्यासाठी मिरीची ७.७ मायक्रॉनची पट्टी लागते, कारण तिथे मूळचा ०.८६ मायक्रॉनचा प्रकाश येतो आणि त्यात जुन्यांचा वाटा जास्त असतो. मात्र तरंगलांबी वाढली की चित्र पसरट होतं, शेजारच्या दीर्घिकेचा उजेड त्यात मिसळतो, आणि तो वजा करण्यात बराच वेळ जातो.