छेददृश्यातील उभ्या अंतराचे मापन

रस्ता, कालवा, रेल्वेमार्ग किंवा मातीचा बांध यांच्या आडव्या छेदाच्या आरेखनावरून दोन बिंदूंच्या पातळ्यांमधला फरक काढण्याची पद्धत. भरावाची उंची, खोदाईची खोली, पाइपवरचे मातीचे आवरण आणि पुलाखालची मोकळी उंची ही मापे अशीच काढतात.

ऑटोडेस्कच्या सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये अलाइनमेंटवर, म्हणजे मार्गाच्या मध्यरेषेवर, ठरावीक चेनेजला (सुरुवातीपासूनच्या अंतराला) सॅम्पल लाइन, म्हणजे छेद घेण्याची आडवी रेषा, टाकतात. त्या रेषेवर जमीन आणि प्रस्तावित रस्ता कापले जाऊन जो छेद मिळतो, तो जाळीसह सेक्शन व्ह्यू म्हणून आरेखनात ठेवला जातो. तो आरेखनात कुठेही ठेवता येतो. त्यामुळे तिथल्या बिंदूचा वाय निर्देशांक म्हणजे त्याचा आरएल (संदर्भपातळीपासूनची उंची) नव्हे. आरएल काढायचा तर जाळीच्या तळरेषेची पातळी आधार धरावी लागते.

दुसरी अडचण उभ्या अतिरंजनाची. जमिनीचे चढउतार रुंदीच्या मानाने किरकोळ असतात, म्हणून ते नजरेत भरावेत यासाठी उभे प्रमाण मुद्दाम वाढवतात. लांबछेदात (मार्गाच्या लांबीच्या दिशेने घेतलेल्या छेदात) आडवे १:२५०० आणि उभे १:२५० असे दहापट अतिरंजन नेहमीचेच. आडव्या छेदात ते कमी असते किंवा नसतेही. ते सेक्शन व्ह्यूच्या स्टाइलमध्ये ठरते. समजा अतिरंजन ५ आहे आणि दोन बिंदू आरेखनात ३ मीटर आडवे, ४ मीटर उभे अंतर राखून आहेत. अंतर मोजणारी डिस्ट आज्ञा ५ मीटर सांगेल. खरे उभे अंतर मात्र ४ भागिले ५, म्हणजे ०.८ मीटर. हा हिशेब हाताने करण्यापेक्षा सेक्शन व्ह्यूची डेप्थ लेबल वापरणे केव्हाही बरे, कारण ती अतिरंजन विचारात घेऊनच आकडा देते. एकेका बिंदूचा आरएल हवा असेल तर ऑफसेट (मध्यरेषेपासूनचे आडवे अंतर) आणि पातळी सांगणारी ऑफसेट-एलिव्हेशन लेबल लावावी. मात्र या लेबली निवडलेल्या जागेला बांधलेल्या असतात; संकल्पन बदलले की त्या पुन्हा तपासाव्याच लागतात.

उभे अंतर आणि लंब अंतर यांची गल्लत तर त्याहून महागात पडते. २ आडवे : १ उभे अशा उतारावर पृष्ठाला लंब मोजलेला ०.५० मीटर जाडीचा थर उभा मोजला तर सुमारे ०.५६ मीटर भरतो. पिचिंगची (उतारावरच्या दगडी थराची) जाडी लंब दिलेली असते, आवरणाची खोली उभी. देयकात मोजमाप लिहिताना कोणते अंतर अभिप्रेत आहे हे नोंदवलेच पाहिजे. शिवाय अतिरंजित दृश्यात कोन टिकत नाहीत. तिथे काटकोनात रेघ ओढून जाडी मोजण्याला काही अर्थ नाही.

पुलाखालची मोकळी उंची मोजताना बिंदूंची निवड निर्णायक ठरते. तुळईचा सर्वांत खालचा भाग कुठे येतो आणि त्याखाली रस्ता किती उंच आहे, हे प्रत्येक ऑफसेटला पाहावे. ७ मीटर रुंदीच्या, दोन्हीकडे २.५ टक्के उतार असलेल्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ८७.५ मिलिमीटर उंच असतो. वाहनाला अडचण होते ती सर्वांत कमी उंचीच्या जागी, म्हणून कडेला मोजून काढलेली उंची पुरेशी नाही.

सॅम्पल लाइन अलाइनमेंटला तिरकी असली तर छेदाची रुंदी वाढते आणि बाजूचे उतार सौम्य दिसतात. एकाच जागेवरचे उभे अंतर मात्र तेवढेच राहते. छेदाचा स्रोत डायनॅमिकऐवजी (आपोआप अद्ययावत होणाऱ्याऐवजी) स्टॅटिक (गोठवलेला) ठेवला असेल, तर सर्वेक्षणाचे नवे बिंदू घातल्यावरही छेदात जुनीच जमीन दिसते. लेबलचा आकडा अशा वेळी हिशेबाने बिनचूक असतो, पण तो जागेवरच्या जमिनीचा नसतो.