रेफ्युज एरिया आणि बंद मजला: दोन्ही रिकामे, पण नियम उलटे

टॉवरमधला रेफ्युज एरिया (आग लागली तर थांबायला राखलेली मोकळी जागा) आणि भाडेकरू गेल्यावर बंद पडलेला मजला, दोन्हीकडे कोणी राहत नाही. त्यामुळे दोन्हीकडे अडगळ साचते आणि कुलूप कुठे लावायचं, वीज कुठे तोडायची यात गल्लत होते.

रेफ्युज एरिया रिकामा दिसला तरी वापरातच असतो. जिन्यात धूर भरला की माणसं इथे येऊन थांबतात आणि अग्निशमन दलाचे जवान त्यांना इथूनच खाली नेतात. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सर्वसाधारणपणे पहिला रेफ्युज २४ मीटरवर किंवा त्याच्या लगेच वर आणि पुढे दर १५ मीटरला मागते. इमारतीच्या प्रकारानुसार आणि शहराच्या नियमावलीत आकडे वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा बघा. इथल्या दाराला कुलूप नको, रात्री दिवा हवा. बाहेरची बाजू उघडीच राहू द्या. पावसाची झड येते म्हणून काचेच्या स्लायडिंग लावल्या की धूर आतच कोंडतो. गणपतीचं थर्माकोलचं मखर इथे ठेवलेलं असेल, तर दिवाळीत एक भरकटलेलं रॉकेट पुरतं.

बंद मजल्याचं नेमकं उलट. तिथे माणसांना कुलूप हवं, पण पाणी आणि अलार्म चालू हवेत. इलेक्ट्रिशियन जाताना मेन स्विच पाडतो, त्याच लाइनवर अलार्म असेल तर तो बॅटरीवर जातो आणि बॅटरी उतरली की गप्प होतो. म्हणून दिवे-एसीचं सर्किट तोडा, अलार्मचं वेगळं राखा. इंटिरियरच्या कामासाठी बंद केलेला स्प्रिंकलरचा (आगीत छतावरून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा) व्हॉल्व्ह तसाच राहतो. मग आगीत ६८ अंश सेल्सिअसला स्प्रिंकलरचा लाल काचेचा बल्ब फुटतो, पण पाणी येत नाही. रंगकामाच्या वेळी स्मोक डिटेक्टरवर चढवलेल्या प्लास्टिकच्या टोप्याही काढा. केबल ओढून नेल्यावर स्लॅबमध्ये उरलेली भोकं फायर सीलंटने बुजवा, नाहीतर धूर तिथूनच वरच्या मजल्यावर जातो.

सर्वात जास्त लक्ष हायड्रंटकडे, म्हणजे आग विझवण्याच्या पाण्याच्या नळाकडे द्या. बंद मजल्यावरून पितळी नोझल आणि कपलिंग चोरीला जातात. एखाद्या लँडिंग व्हॉल्व्हचं (मजल्यावरच्या हायड्रंटच्या नळाचं) चाक अर्धवट उघडं राहिलं आणि पाइप एरवी कोरडा असेल, तर लक्षातही येत नाही. आगीच्या वेळी पंप सुरू झाला की पाणी त्या ओसाड मजल्यावर सांडतं आणि वर होज धरून उभ्या असलेल्या जवानाला दाब मिळत नाही.

किल्ली खाली वॉचमनच्या केबिनमध्ये, मजल्याचा नंबर लिहून टांगा. आठवड्याला एक फेरी पुरते: व्हॉल्व्ह, पाण्याच्या दाबाचा गेज, डिटेक्टरचा लुकलुकणारा दिवा आणि जिन्याचं फायर डोअर, त्याला कोणी वीट लावून ठेवलेली नाही ना. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला) देणाऱ्या परवानाधारक एजन्सीला हा मजला आवर्जून उघडून द्या. बंद आहे म्हणून तो तपासणीतून सुटत नाही.