अकॅटिनेला एपेक्सफुल्वा

प्रशांत महासागरातील हवाई द्वीपसमूहापैकी ओआहू या एकाच बेटावर आढळणारी झाडावरची गोगलगाय. कुल अकॅटिनेलिडी. बेटाच्या पूर्व भागातील कोओलाऊ डोंगररांगेतले दमट जंगल हे तिचे वसतिस्थान होते. या जातीची शेवटची ज्ञात गोगलगाय १ जानेवारी २०१९ रोजी मेली आणि जात नामशेष झाली.

शंख साधारण २ सेंमी लांबीचा, चकचकीत, टोकाशी पिवळसर. दिवसभर ती पानाला किंवा खोडाला घट्ट चिकटून राही आणि रात्री, हवा ओलसर झाली की चरायला निघे. चरायला म्हणजे पान खायला नव्हे. पानांच्या पृष्ठभागावर बुरशी आणि शेवाळाचा जो पातळ थर धरतो, तो ती जिभेवरच्या बारीक दातांनी खरवडून घेई. पानाला धक्का लागत नसे. ज्या झाडावर राहायचे त्याचे काहीच न बिघडवता जगणारा हा प्राणी होता, आणि गोगलगाय म्हणजे पिकाचा शत्रू एवढेच ठाऊक असणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

अकॅटिनेला प्रजातीतील (म्हणजे जवळच्या नात्याच्या जातींच्या या गटातील) गोगलगायी उभयलिंगी, नर-मादी एकाच देहात असलेल्या, असतात. त्या अंडी घालत नाहीत. एका वेळी एकच, शंखासह वाढलेले पिल्लू जन्माला येते. त्याला वयात यायला काही वर्षे लागतात आणि आयुष्य दहा वर्षांहून अधिक असते. झाडावर चढून शिकार करणारे उंदीर किंवा सरडे बेटावर नव्हते, तोवर हे संथ गणित बिनचूक चालले. अनेक गोगलगायींचे सारे आयुष्य एखाद्याच झाडावर किंवा शेजारच्या दोन-चार झाडांवर जाई.

एवढे कमी हिंडणे विज्ञानाच्या कामी आले. हवाईतच जन्मलेला मिशनरीपुत्र जॉन थॉमस ग्युलिक याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओआहूच्या दऱ्यांमधून या प्रजातीचे हजारो शंख गोळा केले. शेजारशेजारच्या दोन दऱ्यांत पाऊस सारखा, झाडे सारखी, तरी शंखांचे रंग आणि पट्टे वेगळे, असे त्याला दिसले. परिस्थिती वेगळी नसतानाही केवळ एकमेकांपासून तुटून राहिल्याने जीव बदलत जातात, हा त्याचा निष्कर्ष. १८७२ मध्ये तो इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विनला भेटला. उत्क्रांतीच्या इतिहासात डार्विनने पाहिलेल्या गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. ओआहूच्या गोगलगायींनाही त्या पंगतीत मानाचे पान मिळायला हवे होते.

पाश्चात्त्य शास्त्राला ही जात माहीत झाली ती एका माळेमुळे. ब्रिटिश कप्तान जॉर्ज डिक्सन १७८७ मध्ये ओआहूला आला असता त्याला शंखांची माळ मिळाली आणि १७८९ मध्ये त्यातील या शंखाची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे शंख जमवण्याचे वेडच पसरले आणि गोगलगायी पोत्यांनी वेचल्या गेल्या. शेती आणि गुरांपायी जंगल घटले, उंदीर वाढले.

सर्वांत मोठा घाव मात्र उपाय म्हणून घातला गेला. १९३६ मध्ये हवाईत आफ्रिकी शंखी गोगलगाय आणली गेली. ती एका वेळी शंभरावर अंडी घालते आणि दिसेल ते हिरवे खाते. तिचा बंदोबस्त करण्यासाठी १९५५ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातील युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय सोडण्यात आली. ही ओठांजवळच्या मिशांसारख्या उपांगांनी दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट स्रावाची वाट हुंगत जाते, झाडावरही चढते. लहान सावज शंखासह गिळते, मोठ्याच्या शंखात तोंड खुपसून आतले मांस खाते. आफ्रिकी गोगलगाय आटोक्यात आली नाहीच, देशी गोगलगायी मात्र संपत गेल्या. एवढा अनुभव गाठीशी असताना १९७७ मध्ये ताहितीजवळच्या मूरेआ बेटावर हीच शिकारी गोगलगाय सोडली गेली, आणि तिथल्या पार्ट्युला प्रजातीच्या गोगलगायी थोड्याच वर्षांत रानातून दिसेनाशा झाल्या.

ही आफ्रिकी गोगलगाय आपल्याही परिचयाची आहे. १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि हळूहळू देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात सोयाबीनची कोवळी रोपे तिनेच फस्त केली. बांधावर ओली गोणपाटे टाकून, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवणे हे कष्टाचे, पण नेमके शत्रूवरच चालणारे काम आहे. सह्याद्रीत देशी गोगलगायींच्या कितीतरी जाती आहेत, त्यामुळे हा नेमकेपणा मोलाचा.

अकॅटिनेला प्रजातीतील सर्व जातींना अमेरिकेने १९८१ मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. १९९७ मध्ये एपेक्सफुल्वाच्या शेवटच्या ज्ञात १० गोगलगायी हवाई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणल्या गेल्या. तिथे पिल्लेही जन्मली, पण एकामागून एक साऱ्या दगावल्या आणि एकच उरली. गॅलापागोसमधल्या पिंटा बेटावरच्या शेवटच्या कासवाच्या नावावरून तिला ‘जॉर्ज’ म्हणू लागले. जोडीदारासाठी शोधाशोध झाली, कोणी सापडले नाही. सुमारे १४ वर्षांचे आयुष्य संपले तेव्हा जॉर्ज ओआहूवरच, राज्य सरकारच्या गोगलगाय संवर्धन केंद्रात होता. २०१७ मध्ये त्याच्या पायाचा २ मिमीचा तुकडा काढून सॅन डिएगो येथील गोठित ऊती संग्रहात ठेवण्यात आला आहे.

याच प्रजातीतील काही जाती ओआहूवर अजून तग धरून आहेत. त्यांच्यासाठी जंगलातच कुंपणे उभारली आहेत: उंदीर आणि सरड्यांना चढता येऊ नये म्हणून गुळगुळीत भिंत आणि वर बाहेर झुकलेली कड, शिकारी गोगलगायीला अडवायला तांब्याची जाळी आणि विजेची तार. आतल्या झाडांवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या गोगलगायी सोडल्या जातात.