टाचेचा एक्स-रे आणि कोलेस्टेरॉल, संबंध काय?

कोलेस्टेरॉल म्हटलं की रक्ताची टेस्टच आठवते आणि ते बरोबरच आहे, एलडीएलचा (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा) आकडा कुठलाही स्कॅन सांगत नाही. पण तो आकडा रक्त काढलं त्या दिवसाचा असतो. एलडीएल वर्षानुवर्षं जास्त राहिलं की ते कुठे ना कुठे साचतं, आणि साचलेलं मात्र स्कॅनमध्ये दिसतं.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते टाचेचं उदाहरण. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया नावाचा आनुवंशिक आजार आहे, साधारण २५० जणांत एकाला असतो, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. यात बहुतेक वेळा लिव्हरच्या पेशींवरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर नीट काम करत नाहीत (या रिसेप्टरवरच्या कामासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं), त्यामुळे जन्मापासूनच रक्तात एलडीएल जास्त राहतं आणि हळूहळू टाचेमागच्या अकिलीस टेंडनमध्ये (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीत) जमा होऊन तो जाड होत जातो. जपानमध्ये तर पायाचा साधा एक्स-रे काढून ही जाडी मोजतात, निदानाच्या निकषांतच ती आहे. आधी ९ मिमी ही हद्द होती, २०२२ मध्ये ती पुरुषांसाठी ८ आणि बायकांसाठी ७.५ मिमी केली. सोनोग्राफीत अजून बारीक दिसतं, निरोगी टेंडनमध्ये तंतूंच्या समांतर रेषा असतात, कोलेस्टेरॉल साचलं की त्यांच्यामध्ये काळपट डाग येतात. पण टेंडन नॉर्मल दिसला म्हणजे आजार नाही असं नाही हं, कित्येकांचा जाड होतच नाही.

दुसरी जागा हृदयाच्या रक्तवाहिन्या. तिथे साचलेल्या चरबीत पुढे कॅल्शियम धरतं आणि सीटीत ते पांढरं चमकतं. १९९० मध्ये हृदयरोगतज्ज्ञ अगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी त्याचा स्कोअर काढायची पद्धत दिली, १३० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीत एखादी गोष्ट किती दाट आहे ते मोजायचं माप) वरचे ठिपके मोजायचे. आता हे काम एआय करतं आणि तेही न्युमोनियासाठी किंवा फुफ्फुसातल्या गाठीसाठी काढलेल्या छातीच्या सीटीवर, म्हणजे नवा स्कॅन नको, जादा रेडिएशन नको, माहिती आधीच तिथे पडून असते आणि कोणी बघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तरुण वयात स्कोअर शून्य आला तरी निर्धास्त होऊ नका, कारण मऊ चरबीत अजून कॅल्शियम धरलेलंच नसतं.

फॅटी लिव्हरही सीटीत कळतं, लिव्हर प्लीहेपेक्षा काळं दिसतं, आणि बऱ्याचदा सोबत ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) वाढलेले असतात.

तेव्हा जुन्या सीटीच्या रिपोर्टमध्ये खाली कुठे 'कोरोनरी कॅल्सिफिकेशन' (म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम) लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ताची टेस्ट, करून घ्या. आणि टाचेवरून आजार सापडला तर तो एकट्याचा नसतो, प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला तो असायची शक्यता ५० टक्के असते, त्यामुळे त्या सगळ्यांचंच रक्त तपासावं लागतं, लहान मुलांचंसुद्धा.