फाइलमधील बहुविध डेटा-प्रवाह

एकाच फाइलमध्ये मुख्य मजकुराखेरीज वेगळ्या नावांचे आणखी डेटा-प्रवाह (बाइटींच्या स्वतंत्र रांगा) ठेवण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिमने द्यावी की नाही, हा संगणकशास्त्रातील एक जुना वाद आहे. युनिक्सच्या परंपरेत फाइल म्हणजे बाइटींची एकच सलग रांग असून तिचा अर्थ लावणे हे प्रोग्रामचे काम मानले जाते. १९८४ मधील मॅकिन्टॉशने मात्र फाइलला डेटा फोर्क (मुख्य मजकूर) आणि रिसोर्स फोर्क (चिन्हे, मेनू अशी पूरक सामग्री) असे दोन भाग दिले. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीने (फाइल सिस्टिमने) त्यापुढे जाऊन एका फाइलला अनेक नामांकित प्रवाह जोडण्याची मुभा दिली, ती मुख्यतः मॅकिन्टॉशच्या फाइली विंडोज सर्व्हरवर जशाच्या तशा राहाव्यात म्हणून.

समर्थकांचे म्हणणे असे की, फाइलविषयीची माहिती फाइलबरोबरच राहिली, तर नाव बदलले किंवा फोल्डर बदलला तरी ती सुटी पडत नाही. विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला 'झोन आयडेंटिफायर' नावाचा छोटा प्रवाह जोडला जातो आणि फाइल उघडताना येणारी सूचना त्याच्याच आधारे दिली जाते. ही सोय खरोखर उपयोगी आहे.

अडचण फाइल घराबाहेर पडल्यावर सुरू होते. पेन ड्राइव्हवरील फॅट३२ आणि एक्सफॅट या पद्धतींत अशा प्रवाहांना जागाच नाही; ईमेल आणि वेबवर फाइली पाठवण्याची एचटीटीपी ही पद्धतही बाइटींची एकच रांग वाहून नेतात. जुन्या मॅकिन्टॉशवरील कित्येक फाँटचा तर सगळा ऐवज रिसोर्स फोर्कमध्येच असे. नागपुरात महालातल्या एखाद्या लग्नपत्रिकेच्या दुकानातून असा फाँट मॅकवरून पेन ड्राइव्हवर घेतला आणि सीताबर्डीत (नागपूरकरांच्या बोलण्यात नुसती बर्डी) विंडोजवर उघडला, तर फाइल शून्य केबीची दिसते. मॅकने रिसोर्स फोर्क तिच्याशेजारी टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या नावाच्या दुसऱ्या फाइलीत ठेवलेला असतो, आणि कचरा समजून ती कोणी पुसली की फाँट गेलाच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. विंडोज एक्स्प्लोरर दाखवत असलेल्या आकारात हे जादा प्रवाह धरलेले नसतात. २००० मध्ये एका व्हायरसने मूळ प्रोग्राम अशा प्रवाहात सरकवून स्वतः त्याची जागा घेतली होती.

लिनक्सच्या वर्तुळात २००४ मध्ये रायझर४ या नव्या फाइल सिस्टिमच्या निमित्ताने हा वाद पेटला. फाइललाच फोल्डरसारखे उघडू देण्याच्या त्या कल्पनेवर लॉकिंग (एका वेळी एकालाच बदल करू देणारे कुलूप) आणि हार्ड लिंक (एकाच फाइलला दिलेली अनेक नावे) यांच्या गुंत्यामुळे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, विकसकांनी हरकत घेतली. लिनक्सवर आज विस्तारित गुणधर्म, म्हणजे फाइलला जोडलेल्या नाव-मूल्याच्या छोट्या नोंदी, आहेत, पण त्यांतील प्रत्येक मूल्याला ६४ केबीची मर्यादा आहे; म्हणजे टिपणाला जागा आहे, दुसऱ्या फाइलीला नाही. प्रस्तुत लेखकाला ही मर्यादा शहाणपणाची वाटते. ॲपलनेही मॅक ओएस एक्समध्ये ॲप्लिकेशनसाठी रिसोर्स फोर्कऐवजी बंडलचा, म्हणजे एका फाइलीसारख्या दिसणाऱ्या साध्या फोल्डरचा, मार्ग पत्करला.